आई म्हणाली, "बाळा, मी पाण्याचं विचारलं"

सिंहगडपायथा (धागा सुरू करणारा)

१५ जानेवारीला पुणे महापालिकेचं मतदान झालं, १६ ला निकाल लागला, गुलाल उधळून झाला. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी किरकटवाडीत राहतो. आमचं गाव जून २०२१ मध्ये आणखी बावीस गावांबरोबर पुणे महापालिकेत आलं. त्यानंतर पालिकेची निवडणूक झाली ती ही पहिलीच, म्हणजे नगरसेवक निवडायची संधी आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली. खडकवासला धरण आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याचं पाणी बहुतेक पुणे पितं, आणि आमच्या सोसायटीत रोज तीन टँकर येतात. बरोबर एक वर्षापूर्वी, जानेवारी २०२५ मध्ये, जीबीएसची साथ आली ती आमच्याच पट्ट्यात: नांदेड, किरकटवाडी, धायरी. धडधाकट माणसाच्या हातापायातली ताकद जाते तो आजार. दोनशेच्या वर संशयित रुग्ण सापडले आणि पहिला संशय आला तो पाण्यावर. आमच्या मजल्यावर दोन महिने प्रत्येक घरात गॅसवर पाण्याचं पातेलं असायचं. वाटलं होतं, निवडणूक आली की निदान या एका गोष्टीवर बोलणं होईल.

प्रचाराच्या दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी एक पॅनल आमच्या पार्किंगमध्ये आलं. चार उमेदवार, चाळीस-पन्नास कार्यकर्ते, सगळ्यांच्या गळ्यात उपरणी. माझी आई ७१ वर्षांची. टँकरची वही गेली चार वर्षं तीच ठेवते: कोणता टँकर किती वाजता आला, पाणी गढूळ होतं का, पैसे किती दिले. ती वही घेऊनच ती खाली आली होती. तिने विचारलं, "आमच्याकडे नळाचं पाणी पुरेसं कधी येणार आणि ते तपासून कोण देणार?" उमेदवाराने खिशातून मोबाईल काढला आणि समोरच्या पॅनलमधल्या एकाच्या फार्महाऊसचा फोटो तिला दाखवला. "आजी, हे बघा, तुमचं पाणी कुठं मुरतंय ते." आईने फोटो नीट पाहिला, मोबाईल परत दिला आणि म्हणाली, "बाळा, मी पाण्याचं विचारलं." तोवर घोषणा सुरू झाल्या होत्या.

दोन दिवसांनी दुसरं पॅनल आलं. आईने पुन्हा वही घेतली, पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी उत्तर म्हणून एक क्लिप मिळाली, आधीच्या पॅनलमधला माणूस कुणाला तरी शिव्या देतोय अशी. दोघंही सारखेच. आई वर आली आणि वही कपाटात ठेवून दिली. मतदानाला आली ती मी हट्ट केला म्हणून.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते, तर राज्यात एकाच मंत्रिमंडळात शेजारी शेजारी बसणारे पक्ष इथे समोरासमोर उभे होते आणि एकमेकांना भ्रष्ट म्हणत होते. आरोप खरे असतील तर मुंबईत एका टेबलावर कसे बसता? खोटे असतील तर आमच्या दारात येऊन का बोललात? प्रचाराचे दहा-बारा दिवस हाच तेवढा काळ असतो, जेव्हा उमेदवाराला आमच्यासमोर उभं राहावंच लागतं. तो काळ तुम्ही एकमेकांच्या कागाळ्यांत घालवला. तो आमचा होता.

इथल्या लोकांना विचारायचंय, तुमच्या भागात काही वेगळं घडलं का? आणि हे असंच चालायचं, असं कुणाला मनापासून वाटतं का?

जुनापेठकर

मला वाटतं. आणि आईंच्या प्रश्नाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, दादा, तुम्ही चुकीच्या गोष्टीवर रागावलात.

उमेदवार स्वतःबद्दल काय सांगणार? फ्लेक्सवर हात जोडलेला फोटो, खाली 'कार्यसम्राट'. त्याच्यावर कुठले गुन्हे आहेत, पाच वर्षांत त्याची जमीन किती वाढली, कुठल्या ठेक्यात त्याचा मेहुणा आहे, हे तो स्वतः सांगणार नाही. ते सांगेल त्याचा विरोधकच. आज तुम्हाला शपथपत्रात गुन्हे आणि मालमत्ता वाचायला मिळते ती काही पक्षांनी आपणहून दिलेली नाही, त्यासाठी २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. आणि ते शपथपत्र वाचतं कोण? मी पन्नास घरांत विचारलं तर एका घरात वाचलेलं सापडेल. विरोधक त्यातली एक ओळ उचलून भोंग्यावर ओरडतो तेव्हा ती बाकीच्या एकोणपन्नास घरांत पोचते.

या शहराला सभ्य प्रचाराची परंपरा आहे असंही कुणी समजू नये. आगरकर जिवंत असताना याच पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. टिळक आणि आगरकर यांनी एकमेकांवर काय काय लिहिलं ते जुने अंक उघडून बघा. कडू बोलण्याने पुणं मेलं नाही. जिथे सगळे गोड बोलतात तिथे सगळे आतून मिळालेले असतात, याची मला जास्त भीती वाटते. टीकेला आळा घातला की फायदा खुर्चीवर बसलेल्याचा होतो, हे लक्षात ठेवा.

सिंहगडपायथा

पेठकर काका, शपथपत्रातली ओळ भोंग्यावर ओरडली असती तर मी हा धागा काढलाच नसता. फार्महाऊसचा फोटो दाखवला, पण ते कुठल्या गट नंबरवर आहे, कुणाच्या नावावर, शपथपत्रात लिहिलंय की लपवलंय, यातलं एक अक्षर नाही. मी मुद्दाम विचारलं, "कागद आहे का?" तर म्हणे, "सगळ्यांना माहितीये."

आणि आगरकरांचं तुम्ही जे सांगितलंत ते तर माझ्याच बाजूचं आहे. प्रेतयात्रा काढणाऱ्यांकडे मुद्दा नव्हता म्हणून त्यांनी तिरडी बांधली. आगरकरांनी त्यांना लेख लिहून उत्तर दिलं. दोन्हीला 'कडू बोलणं' म्हणून एकाच टोपलीत कसं टाकता?

कोर्टातला

टोपल्या वेगळ्याच आहेत आणि त्या नियमातही वेगळ्या आहेत. थोडक्यात सांगतो.

आदर्श आचारसंहिता टीका करू नका असं म्हणतच नाही. पक्षाची धोरणं, कार्यक्रम, आधीची कामगिरी आणि केलेलं काम यांवर हवी तेवढी टीका करा, असं ती म्हणते. ज्याचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही ते खासगी आयुष्य काढू नका, आणि शहानिशा न केलेले आरोप किंवा विपर्यास यांवर टीका उभी करू नका, एवढंच तिचं म्हणणं आहे. लोकसभा-विधानसभेच्या बाबतीत १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम १२३(४) आणखी पुढे जातं. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वागणुकीबद्दल, खोटं आहे हे ठाऊक असून किंवा खरं आहे असा विश्वास नसताना, त्याला मतदानात फटका बसावा म्हणून काही छापलं किंवा पसरवलं तर तो भ्रष्ट आचार ठरतो. निवडणूकसुद्धा रद्द होऊ शकते. त्याच कायद्यात १२७ अ आहे: प्रचाराच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता व्यवहार बघा. या कायद्याखाली याचिका करायची ती निकालानंतर ४५ दिवसांत, सिद्ध करायचं ते साक्षीपुराव्याने, आणि तोवर सभागृहाची मुदत संपत आलेली असते. खोटी क्लिप दोन मिनिटांत पसरते. दोष टीकेचा नाही. खोटं बोलणाऱ्याला वेळेत काहीच भोगावं लागत नाही, खरा दोष तिथे आहे.

पॅनलवाला

मी कार्यकर्ता आहे. कुठल्या पक्षाचा ते सांगत नाही, कारण मग माझं म्हणणं कुणी वाचणार नाही. अठरा वर्षं सतरंज्या उचलल्यात, स्लिपा वाटल्यात, बूथवर बसलोय. आमची बाजूही ऐका.

शेवटची पालिका निवडणूक झाली फेब्रुवारी २०१७ मध्ये. मुदत संपली मार्च २०२२ मध्ये. तिथून जवळजवळ चार वर्षं प्रशासक होता. नगरसेवक नाही, स्थायी समिती नाही, मुख्य सभा नाही. रस्ता खणला तर प्रशासनाने, पाणी सोडलं तर प्रशासनाने. या काळात माझ्या उमेदवाराने काय केलं असं तुम्ही विचारलंत तर तो काय दाखवणार? आणि समोरच्याने काय केलं नाही, ते तरी आम्ही कशावरून सांगणार? कामाचा हिशोबच नसला की उरतो तो माणूस. मग माणसावर बोललं जातं. हे बरं आहे असं मी म्हणत नाही. असं का झालं, तेवढं सांगतोय.

दुसरं, प्रभाग केवढे आहेत बघा. एकेचाळीस प्रभाग, एकशेपासष्ट नगरसेवक. २०११ च्या जनगणनेवर पाडलेत, तरी एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांवर माणसं, आणि आज त्यांची संख्या किती झालीय हे तुम्ही रोज रस्त्यावर बघता. चिन्ह मिळाल्यापासून दिवस दहा-बारा. घरोघर जाऊन पाण्याच्या टाकीचा आराखडा समजावता येत नाही, ताई-दादांनो. लोक जिना उतरेपर्यंत थांबतात, फार तर दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत जे डोक्यात राहतं तेच आम्ही बोलतो. पाण्यावर बोललो त्या कोपरासभेला तीस जण होते, समोरच्याची कुंडली काढली त्या सभेला चारशे. हे आकडे आम्ही मोजतो.

सिंहगडपायथा

पॅनलवाला दादा, प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं. प्रशासकाचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, तो मान्य.

पण मग हेच आमच्या पार्किंगमध्ये का नाही बोललात? "आजी, चार वर्षं सभागृहच नव्हतं, तुमचा प्रश्न मांडायला जागाच नव्हती, आता निवडून आलो तर पहिल्या मुख्य सभेत हा विषय घेतो." हे सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आईने तुम्हाला चहा दिला असता.

मुक्तछंद

मी बावधनला राहते. हा धागा वाचताना मूळ लेखातलं एक गृहीतक मला टोचत राहिलं, म्हणून लिहितेय. "दोघंही सारखेच."

माझी शाळेपासूनची मैत्रीण या वेळी उभी होती. महिला राखीव जागा. घरात राजकारण नाही, बचत गटाचं काम करते. मी तिच्यासोबत रोज फिरले. तिने एकदाही समोरच्या बाईंबद्दल वाकडा शब्द काढला नाही. मी साक्षीदार आहे, कारण तिच्या पत्रकाचा मजकूर मी टाईप केला होता. त्यात कचऱ्याच्या गाडीची वेळ, बसथांबा आणि उताराच्या रस्त्यावरचे दिवे एवढंच होतं.

प्रचार थांबला त्या रात्री एक क्लिप फिरली. तिच्या भावाच्या हळदीत ती नाचतेय, दहा वर्षांपूर्वीची. खाली दोन ओळी, त्या मी इथे लिहिणार नाही. पाठवणाऱ्याचं नाव नाही. प्रचार संपलेला, उत्तर द्यायला सभा नाही, पत्रक नाही. आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. तेवढ्यात तिची मुलगी, बारावीत आहे, आतून आली आणि हातातला मोबाईल ओट्यावर ठेवला. क्लासच्या ग्रुपवर आली होती. कुणी काही बोललं नाही. मैत्रिणीने गॅस बंद केला, कुकरची शिट्टी व्हायची होती तरी.

सावित्रीबाई भिडेवाड्यातल्या शाळेत जायच्या तेव्हा याच शहरात त्यांच्यावर शेण आणि चिखल टाकला गेला. तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून "दोन्ही बाजूंनी जरा सबुरीने घ्यावं" असं म्हणणारेही असतीलच. दादा, तुम्ही वाईट हेतूने लिहिलेलं नाही, हे मला कळतं. पण एकाने चिखल फेकला आणि दुसरी त्यात माखली, तर लांबून बघणाऱ्याला दोघांचेही कपडे मळलेले दिसतात. तुम्ही तेवढंच बघून घरी गेलात. पालिकेत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. "सगळे सारखेच" या एका वाक्याने पुढच्या वेळी उभी राहू शकणारी बाई आधीच माघार घेते.

पेठकर काकांनाही एक प्रश्न. त्या क्लिपमधून कुठली माहिती मतदाराला मिळाली?

जुनापेठकर

कुठलीच नाही, मुक्ताताई. त्याला मी टीका म्हणत नाही आणि कधी म्हणणारही नाही. ते पाठवणाऱ्याला पोलीस ठाण्यात उभं करायला हवं, आणि तुमच्या मैत्रिणीने तक्रार द्यावी असं मला मनापासून वाटतं. निकालानंतरसुद्धा.

माझं म्हणणं मात्र तिथंच आहे. असल्या प्रकाराला कंटाळून आपण "प्रचारात दुसऱ्याबद्दल बोलूच नका" म्हणायला लागलो तर उद्या ठेक्याबद्दल बोलणाराही गप्प बसेल.

वर्गातला फळा

राज्यशास्त्र शिकवतो, म्हणून एक भर घालतो. नकारात्मक प्रचाराने लोक मतदानाला जातच नाहीत, असं आपण सहज म्हणतो. अमेरिकेत अन्सोलाबेहेर आणि अय्यंगार यांनी नव्वदच्या दशकात प्रयोग करून साधारण हेच मांडलं होतं. पुढे लाऊ, सिगेलमन आणि रोव्हनर यांनी तोवर झालेले अभ्यास २००७ मध्ये एकत्र तपासले, तेव्हा मतदान घटतं याला भक्कम पुरावा सापडला नाही. विरोधकाला पाडायचं हत्यार म्हणूनही ते खात्रीचं नाही, असंच दिसलं. राजकारणावरचा विश्वास आणि आपल्या मताने काही होतं ही भावना मात्र थोडी घटते, असं त्यांना आढळलं.

हे बहुतेक तिकडचं, मुख्यतः टीव्हीवरच्या जाहिरातींवर आधारलेलं. प्रभागाच्या निवडणुकीला जसंच्या तसं लावता येणार नाही. पण पॅनलवाला यांच्या चारशे माणसांबद्दल शंका घ्यावी असं मला वाटतं. सभेला गर्दी झाली याचा अर्थ मत मिळालं असा होत नाही. कुंडली ऐकायला आलेला माणूस मत कुणाला देतो, हे तुमच्याकडे कुणी मोजलंय का?

पॅनलवाला

नाही मोजलं सर. आम्ही खुर्च्या मोजतो.

पहिलंमत

मी १९ वर्षांची, वडगाव बुद्रुकला राहते, हे माझं पालिकेचं पहिलं मत. चार बटणं दाबायची होती, अ, ब, क, ड. त्यातल्या दोन गटांत मी नोटा (वरीलपैकी कोणीही नाही) दाबलं, कारण त्या उमेदवारांबद्दल मला फक्त त्यांच्या विरोधकांनी पाठवलेले मेसेज माहीत होते. ते स्वतः काय करणार, हे शोधूनही सापडलं नाही. घरी सगळे म्हणाले, मत वाया घालवलंस. खरंच वाया गेलं का?

कोर्टातला

वाया गेलं नाही. महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला: स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तर त्या जागेवर फेरनिवडणूक. लोकसभा-विधानसभेला तशी सोय नाही. तिथे नोटा पहिला आला तरी दुसरा उमेदवार निवडून येतो. तुझ्या मताला इथे जास्त वजन होतं, बाळा. पण पुढच्या वेळी आयोगाच्या संकेतस्थळावर शपथपत्र बघून जा. विरोधकाच्या मेसेजपेक्षा तो कागद बरा, त्यावर उमेदवाराची सही असते.

सिंहगडपायथा

मुक्ताताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. मी "दोघंही" लिहिलं ते माझ्या पार्किंगमध्ये आलेल्या दोन पॅनलबद्दल, आणि तिथे ते खरं आहे. पण ते वाक्य मी सगळ्यांवर फेकलं. तुमच्या मैत्रिणीसारखं कुणी आमच्याही प्रभागात असेल आणि मी तिचं पत्रक न वाचता रद्दीत टाकलं असेल. ती चूक माझी. त्यांना सांगा, एका अनोळखी मतदाराने माफी मागितली आहे.

पेठकर काकांचंही अर्धं पटलं. टीका हवी. मग ती निकालानंतरही चालू राहायला हवी, हे तुम्हालाही मान्य असावं. फार्महाऊस १३ जानेवारीपर्यंत महत्त्वाचं होतं, १७ तारखेला त्याचं काय झालं? निवडून आलेले आणि पडलेले, दोन्ही पॅनलच्या आठही जणांना मी पत्र लिहितोय. त्यात दोनच गोष्टी विचारल्यात. पहिली, तुम्ही आमच्या सोसायटीत जो आरोप केलात त्याची लेखी तक्रार कुठे आणि कधी दिली, त्याची प्रत द्या. दुसरी, पाणी. त्यासाठी आईच्या वहीची चार वर्षांची पानं झेरॉक्स करून जोडतोय. ती द्यायला तयार नव्हती, म्हणाली, "पुन्हा फोटोच दाखवतील." शेवटी आज सकाळी तिने स्वतःच वही बाहेर काढली आणि ज्या तारखांना पाणी गढूळ आलं होतं तिथे लाल पेनाने खुणा केल्या.

जुनापेठकर

पत्राचा मसुदा इथे टाका. मी वाचून देतो. आणि 'आरोप' शब्दाबरोबर तारीख, वेळ आणि कोण बोललं ते लिहा, नाहीतर तेही मोघमच होईल.

पॅनलवाला

दादा, आठातल्या चौघांचं कार्यालय मला माहीत आहे. पोस्टाने पाठवलंत तर टपाल कार्यकर्ते फोडतात आणि तिथेच राहतं. मला द्या, मी हातात देतो आणि पोच सही घेऊन येतो. आईंच्या वहीच्या पानांची एक जादा प्रत काढा.